ढेंचा आणि चिकटलेलं पान

"वयनी, आतातरी गाडू द्या! पऱ्हे पिवळे पडून राह्यले!"

"शेंगा वाळल्याबिगर एका झाडाले हात लावू नका, भाऊजी!"

वासुदेवभाऊजी म्हणजे माझे चुलत दीर, बैलं-नांगर घेऊन बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेला धुऱ्यावर उभे. मी आडवी. मागे रोवण्याला, म्हणजे धानाचे पऱ्हे उपटून बांधीत लावायला, आलेल्या बाया तमाशा बघतायत.

थांबा, ही फजिती मीच सांगते. दुसरं कोणी सांगेल तर तिखटमीठ लावेल! सन पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. हिरवळीच्या खताची एक फाटकी पुस्तिका माझ्या हाती लागली. चाळिशीत एकटीने अक्षरं जोडत वाचायला शिकलेली बाई मी, गप्प बसते काय? मृगात साऱ्या बांधीत ढेंच्याचं बी फेकलं. पीक मातीत गाडायचं, त्याचंच खत, मग त्यावर धान. गावभर सांगत फिरले.

ढेंचा माझ्या डोक्याच्या वर गेला. तो गाडल्याशिवाय चिखल नाही, चिखलाशिवाय रोवणा नाही. आणि रोवणा हुकला तर वर्षभर खायचं काय?

"कोवळा होता तवाच सांगलं होतं तुमाले," भाऊजी म्हणाले.

"तुमी सांगलं. पुस्तकानं नाई सांगलं!"

"मंग पुस्तकच रोवतो बाई आमी बांधीत!" शांताबाई मागून बोलली. बाया फिदीफिदी हसल्या.

मी कमरेची पुस्तिका काढली आणि खणखणीत वाचलं, "'बी दाट फेकावे.' आता पुढचं पान. 'शेंगा पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये.' आयकलं?"

भाऊजींना वाचता येत नव्हतं. पण शेतकऱ्याची बोटं ती! पान चिमटीत धरून म्हणाले, "वयनी, हे एकच पान एवढं जाड काऊन लागते?"

अगं माय! पुस्तिका फाटली म्हणून मीच ती भाताच्या पेजेने चिकटवली होती. नख घातलं. चर्रर्र! एकाची दोन पानं झाली!

आतलं वाचलं. 'फुलोऱ्याआधी, खोड कोवळे असतानाच गाडावे. नंतर त्याचे लाकूड होते.' आणि अगदी तळाला, 'बियाण्यासाठी धुऱ्यावर चार झाडे राखावीत. त्यांच्या…'

त्यांच्या शेंगा! चार झाडांच्या! मी अख्खी बांधी राखून बसले होते!

जवळचं खोड वाकवून पाहिलं. वाकेना. बोटाने ठोकलं तर टणटण वाजलं. बैलसुद्धा माझ्याकडेच बघताहेत असं वाटलं. मी पदर खोचला.

"भाऊजी, नांगर सोडा अन् दोन कुऱ्हाडी आना, एक मले!"