गोड्या पाण्याचा रिपोर्ट

कापसाच्या हंगामात वऱ्हाडात थोडे दिवस राहा, अंगरख्याला कापूस चिकटलाच म्हणून समजा. कितीही झटका, निघत नाही. आमच्या कॅम्पातल्या किस्स्यांचं तसंच आहे. आम्ही जुनी मंडळी कुठं भेटलो, की अडकित्ते बाहेर निघतात, सुपारी कातरता कातरता कुणीतरी म्हणतं, "ती मोरी आठवते का रे?" आणि मग घरातल्या बायका पानं वाढून ताटकळत बसतात!

तेव्हा मी पुण्याला इंजिनीअरिंगच्या वर्गात शिकत होतो. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम असा भाव आला की ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर कापूसच. तो मुंबईला न्यायचा तर रेल्वे हवी. अकोल्याहून बडनेऱ्याकडे लाइन आखायचं काम जोरात चाललं होतं, आणि प्रत्यक्ष काम शिकायला मला आणि माझ्या वर्गबंधूला, गोपाळला, तिथं धाडण्यात आलं. मला वाटलं होतं, आपण आगगाडी, तारायंत्र, वाफेचं इंजिन असलं काहीतरी सांगू आणि वऱ्हाडी माणूस तोंडात बोट घालेल. बोट गेलं, पण आमच्याच तोंडात!

*

कॅम्पावरच्या मोठ्या साहेबांचं एकच म्हणणं असायचं. पूल काय, कुणीही बांधेल; बांधलं ते लिहिता आलं पाहिजे. रोज संध्याकाळी आम्ही दिवसभरात जे पाहिलं त्याचा इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा आणि साहेबांनी त्यावर लाल शाई ओतायची, असा क्रम होता.

माझा पहिला रिपोर्ट एका मोरीचा, म्हणजे रुळांखालच्या छोट्या पुलाचा. ओढ्यावरच्या नव्या मोरीला मला तडा दिसला होता. पण वडीलधाऱ्या माणसाला एकदम तडा कसा दाखवायचा? आपल्याकडे काही रीत आहे की नाही! मी आधी साहेबांना साष्टांग नमस्कार घातले, त्यांच्या कुटुंबाचं क्षेमकुशल चिंतलं, सेवकाचं इकडील वर्तमान ठीक असल्याचं कळवलं, मग हवापाणी, मग विनंती विशेष. हे सगळं माझ्या मते फर्मास इंग्रजीत उतरवलं होतं.

साहेब खुर्चीत बसून शांतपणे वाचत होते. तिसऱ्या पानावर तड्याचा उल्लेख आला आणि ते ताडकन उठले. तेवढ्यात मुकादम धापा टाकत आला. "साहेब, मोरी बसली!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचे नमस्कार पोचले," म्हणाले.

त्या दिवसापासून मला नियम घालून दिला. मुद्दा पहिल्या ओळीत. विशेषण नाही, देव नाही, उद्गारचिन्ह तर मुळीच नाही. इंजिनीअर ओरडत नसतो म्हणे! मला तर त्या मुलखात दिवसातून दहादा ओरडावंसं वाटायचं.

*

इथं यमुनामावशींची ओळख करून दिली पाहिजे, नाहीतर पुढलं काही कळायचं नाही.

त्या भागातल्या विहिरींना खारं पाणी. बैलसुद्धा तोंड लावून मान झटकायचे. साऱ्या शिवारात गोड पाणी एकाच विहिरीला होतं, यमुनामावशी माळणीच्या. सगळं गाव कापसाच्या मागे लागलेलं असताना ही बाई एकटी वांगी, मेथी, कोथिंबीर, झेंडू लावायची. सासऱ्यानं खणलेली विहीर, तिच्यावर दोन मुलगे, सुना, नातवंडं असा सगळा संसार चाललेला. आणि साहेबांच्या नकाशावरची तांबडी रेघ नेमकी त्या विहिरीवरून गेली होती. विहीर बुजवून वर भराव पडणार होता.

मावशी टोपलीभर वांगी घेऊन थेट कॅम्पावर आल्या. त्यांनी टोपली ठेवली आणि कमरेवर हात दिले.

"कावून रे बाबू, तुमची गाडी वाकडी चालत नाई काय? नदी वाकडी चालते, पांदण वाकडी चालते, तुमाले काय झालं?"

मी म्हटलं, "मावशी, सरकार मोबदला देईल."

"मोबदल्यात काय मेथी उगवते? इहीर गेली तं आमी सारे दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाऊ. तुले लेहाले येते ना? मंग लेह्य तुया सायबाले."

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, लाइन थोडी सरकवता येईल, पण कारण कागदावर पाहिजे. चांगला रिपोर्ट लिहा, पटलं तर सरकवू. भराव तिथवर पोचायच्या आत मला लिहायला शिकायचं होतं. 

*

गोपाळची तऱ्हा माझ्या उलट. तो नियम पाळायचा म्हणजे किती? साहेबांनी एकदा त्याला झापलं, स्वतः तपासलं नसेल ते खरं म्हणून लिहू नका, "असे सांगतात" असं लिहा. झालं! गोपाळच्या रिपोर्टात गावाचं नाव अमुक आहे असे सांगतात, ही नदी आहे असे सांगतात, पलीकडे अकोला आहे असे सांगतात.

ते तिथंच थांबतं तर बरं. पण हाताला वळण लागलेलं! त्यानं त्याच भरात पुण्याला घरी पत्र लिहिलं. "आपण माझे वडील आहात असे सांगतात."

काही दिवसांनी रेल्वे होती तिथवर रेल्वेनं, पुढं बैलगाडीनं, अंगावर ही धूळ, असे गोपाळचे वडील कॅम्पावर हजर! गाडीतून उतरता उतरताच ओरडले, "कोण सांगतं? त्याचं नाव सांग आधी!"

गोपाळ माझ्या पाठीमागे दडला. साहेबांना काय प्रकार आहे ते मी समजावून सांगितलं. साहेबांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि गोपाळला विचारलं, "मग तुम्ही तपासून पाहिलं होतं का?"

हे वाक्य वडिलांना मराठीत सांगायची वेळ माझ्यावर आली. मी सांगितलं नाही.

*

एकदा सामान आणायला अकोल्याच्या बाजारात गेलो होतो. तिथं एक गाडी पाहिली आणि जागच्या जागी उभा राहिलो. चाकाला लोखंडाची धाव असते ना, तिथं चांदीची! उन्हात डोळे दिपत होते.

माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. मालक म्हणजे विशीतला शेतकरी, फेट्याचा शेमला गुडघ्यापर्यंत. मी त्याला म्हटलं, "दादा, चांदी मऊ धातू आहे. या दगडाधोंड्यांत दोन बाजारांत झिजून जाईल. लोखंड टिकतं."

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"लोखंडाची तं सारेच लावते, भाऊ. हे झिजून राह्यली, हेच तं लोकाइले दाखवाचं हाय!"

मी साहेबांना रिपोर्टात हे लिहिलं. त्यांनी समासात तांबड्या शाईनं लिहिलं, "कल्पित गोष्टी नकोत."

*

मधल्या काळात मी विहिरीचा रिपोर्ट लिहून नेला. तळमळून लिहिला होता. "या माउलीच्या विहिरीचे जल अमृततुल्य असून" अशी सुरुवात. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही अमृत प्यायला आहात?"

"नाही, साहेब."

"मग तुलना कशावरून केली?"

कागद परत आला.

*

थिओडोलाइट म्हणजे जमीन मोजायची दुर्बीण. आमच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं, म्हणजे डोकं खाली, पाय वर. आम्हाला सवय झाली होती. गावच्या पाटलांना बघायची फार हौस, म्हणून एकदा डोळा लावू दिला.

पाटील बघतच राहिले. हलेनात. मला वाटलं, घाबरले. मी भिंगांचं शास्त्र सांगायला लागलो. प्रकाशाचे किरण असे येतात, असे वळतात, म्हणून प्रतिमा उलटी पडते. बराच वेळ बोललो. पाटलांनी हात वर करून मला गप्प केलं.

झालं होतं असं की पाटलांचं आणि समोरच्या वाड्यातल्या चुलतभावाचं बांधावरून पिढीजात वैर. तो चुलतभाऊ नेमका आपल्या ओसरीवर मिशा पिळत उभा होता, डोकं खाली, पाय आभाळाकडे!

"बाबू," पाटील दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाले, "आता या यंत्राले कोनी हात नोका लावू. ऱ्हाऊ द्या त्याले तसाच!"

मग पाटलीणबाई आल्या, मुलगे आले, जावई आले. सगळ्यांनी रांगेनं बघितलं. आमचं दिवसभराचं काम बुडालं. रिपोर्टात कारण काय द्यायचं यावर मी आणि गोपाळ डोकं धरून बसलो. शेवटी लिहिलं, "हवा स्वच्छ होती, तरी काम झाले नाही."

*

अमरावतीचा किस्सा मी सांगितला की लोक म्हणतात, थापा मारतो. म्हणोत बापडे.

मुंबईचा कापसाचा भाव तेव्हा अमरावतीला तारेनं यायला लागला होता. कॅम्पाच्या कामासाठी मी तिथं मुक्कामाला होतो. तिथल्या एका बड्या आडत्यानं बरेच दिवस निरीक्षण करून सिद्धान्त काढला होता. तारेवर पाखरं बसली की भाव उतरतो!

मला हसू आवरेना. विजेचा प्रवाह म्हणजे काय, तो तारेतून कसा धावतो, मी सगळं समजावलं. आडत्यानं मान डोलावली.

"तुमी शिकेल मानसं, तुमी म्हनता तसंच असन. पन पाखरं हाकलाले काय जाते?"

जोंधळा राखायला ठेवतात तसा त्यानं तारेखाली एक म्हातारा रखवालदार बसवला, हातात गोफण देऊन! म्हाताऱ्याचा नेम जबरदस्त. त्यानं गोफणीचा धोंडा असा भिरकावला की पाखरू उडालं आणि खांबावरची चिनी मातीची वाटी फुटून तार जमिनीवर लोळली. तारबाबूनं कपाळावर हात मारून घेतला.

नेमका त्याच दिवशी मुंबईला भाव कोसळला. पण अमरावतीला कळणार कसं? तार तुटलेली! आडत्यानं आपला सगळा कापूस जुन्याच भावानं विकून टाकला.

तार दुरुस्त झाली, बातमी फुटली, बाजारात बोंबाबोंब. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहतो तर काय, अमरावतीच्या एकूण एक आडत्याचा रखवालदार गोफण घेऊन तारेखाली उभा!

मी पुन्हा विजेचं शास्त्र सांगायच्या फंदात पडलो नाही.

*

आता मावशींचं सांगतो.

भराव विहिरीच्या जवळ यायला लागला. मावशी रोज मोटेवरून मला हाक मारायच्या, "झालं काय रे लेहून?" आणि मी मान खाली घालून पुढं जायचो. सुना मुकाट्यानं मेथीच्या जुड्या बांधत असायच्या. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

शेवटी मी ठरवलं, साहेबांच्या पद्धतीनंच लिहायचं. गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी एकसारख्या भांड्यांतून आणलं आणि चुलीवर आटवलं. बाकी सगळ्या भांड्यांच्या बुडाशी खाराचा पांढरा थर जमला, मावशींच्या भांड्याचं बूड स्वच्छ राहिलं. मग विहिरीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोट चालवून पाणी किती उतरतं ते मोजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहीर पुन्हा होती तितकी भरलेली! मावशींचे मुलगे बैल हाकून दमले, पण पाणी हटलं नाही. मावशी सगळ्यांना सांगत होत्या, "बाबू आपल्या इहिरीसाठी करून राह्यला."

मी लिहिलं. मुद्दा पहिल्या ओळीत घातला. विशेषण नाही, माउली नाही, अमृत नाही. विहिरीचं पाणी कसं, किती, उन्हाळ्यात टिकतं का, आसपास दुसरं का नाही, एवढंच. गोपाळनं वाचलं आणि म्हणाला, यात एकाही ठिकाणी "असे सांगतात" घालता येणार नाही.

साहेबांनी एका बैठकीत वाचून काढलं. लाल शाईचा एक थेंब पडला नाही! त्यांनी सगळ्या कॅम्पाला गोळा केलं, रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवला, आणि माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, "रिपोर्ट असा लिहितात. विहीर बुजवायची नाही. लाइन सरकवा."

मी उडीच मारायचा बाकी होतो. गोपाळनं माझ्या पाठीत धपाटा घातला. आणि साहेब पुढं बोलले, "विहिरीला आजच कुंपण घाला. बॉयलरला चालेल असं पाणी मी या सगळ्या पट्ट्यात शोधतो आहे. ही विहीर आता रेल्वेची. इंजिनं इथं पाणी घेतील."

 मी साहेबांना म्हटलं, "पण मळा?" ते म्हणाले, "मळ्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही." आणि खरंच लिहिलेलं नव्हतं.

मी कागद हातात धरून तसाच मळ्यात गेलो. मावशींनी मोट थांबवली. मी कसंबसं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "काय लेहलं होतं तू? वाच."

मी विहिरीच्या काठावर बसून एकेक ओळ मराठीत करून वाचली. मावशी एका हातानं मोटेचा नाडा धरून उभ्या होत्या. पाण्याचा भाग आला तेव्हा त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मी पुन्हा वाचला. मग शेवटपर्यंत वाचत गेलो.

"खोटं तं एक बी नाई लेहलं, बाबू," त्या म्हणाल्या. "असं आयकल्यावर तं मी बी घेतली असती हे इहीर!"