जामच्या मामाकडून सप्रेम भेट

जगात जिथे कुठे पितळ असेल तिथे जाऊन त्याची ख्यालीखुशाली विचारण्याचं काम परमेश्वराने आमच्या जामच्या मामाजींवर सोपवलं आहे, याबद्दल निदान त्यांना तरी कधी शंका नव्हती. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी ते आंदणाची भांडी पाहून यायचे. आजाऱ्याच्या उशाशी स्टीलचा तांब्या दिसला की रोगाचं मूळ त्यांना तिथल्या तिथे सापडायचं. हिंगणघाटजवळच्या जामच्या चौफुलीवर सारी दुनिया चहा प्यायला नाहीतर गाडी बदलायला थांबते. तिथे या माणसाने उभा जन्म भांड्यांचं दुकान चालवलं आणि एकही भांडं नाव घातल्याशिवाय बाहेर जाऊ दिलं नाही. गिऱ्हाइकाने "राहू द्या, घाई आहे" म्हटलं तरी त्यांची छिन्नी चालू झालेली असायची. "बिननावाचं भांडं म्हणजे चोरीचं," असं ते म्हणत. आमच्याकडे भाचीच्या लग्नात पाणी भरायचा पितळी गुंड मामाने द्यायचा असतो, त्यामुळे 'मामाकडून सप्रेम भेट' ही ओळ त्यांच्या हाताला इतकी बसली होती की लाइन गेल्यावर अंधारातही ती सरळ यायची.

दोन हजार सालानंतर गावोगावच्या बायकांनी माळ्यावरचं पितळ मोडीत काढायला सुरुवात केली. मामाजी ते विकत घ्यायचे आणि भट्टीत घालायला जीव धजावत नाही म्हणून मागच्या खोलीत रचून ठेवायचे. "या घरात आता माणसं ऱ्हातीन का गुंड, एक काय ते ठरवा," असं एकदा मामी वैतागून म्हणाल्या. मी तेव्हा हिंगणघाटला नोकरीला होतो. शहरातले लोक जुनं पितळ दिवाणखान्यात मांडायला विकत घेतात आणि त्याचा लिलाव कॉम्प्युटरवर होतो, हे मी त्यांना सांगितलं, आणि नेटकॅफेत बसून त्यांचं खातं उघडून दिलं. मामाजींनी पडद्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. "दुकानाले शटर नाई, गिऱ्हाइकाले तोंड नाई, आन भाडं मात्र बरोबर आहे," हा त्यांचा पहिला अभिप्राय.

तिथून त्यांचं आणि त्या वेबसाइटचं जे भांडण जुंपलं ते अखेरपर्यंत मिटलं नाही. माल मांडायचे पैसे वेगळे, दुसऱ्या फोटोचे वेगळे, आणि विकला की वर दलाली. "गुंडाले पोट असते, पाठ असते, काठ असते, एका फोटोत कसा मावन तो?" असं ते मलाच रागावून विचारायचे, जसा काही तो दर मीच ठरवला होता. बाजारात पावती फाडणारा माणूस निदान समोर येऊन उभा राहतो, त्याच्याशी हुज्जत घालता येते, चहा पाजून दोस्ती करता येते; इथे तक्रार केली की एकच छापील उत्तर यायचं. वर्णन लिहायला दिलेली चौकट एवढीशी, आणि मामाजींना तर तो गुंड वडनेरच्या कोणत्या घरात, कोणत्या सुनेच्या कमरेवर वावरला इथपासून सांगायचं असायचं. माल 'नवा' की 'वापरलेला' हा प्रश्न आला की ते हटून बसायचे. "वापरलेला म्हणजे उष्टा वाटते रे. नांदलेला लिही." तशी सोय नाही म्हटल्यावर त्यांनी त्या साइटच्या बापजाद्यांचा उद्धार केला. पहिली बोली आली की ती बोहनी, तिला नाही म्हणायचं नाही, म्हणून ते लगेच "दिला!" म्हणून मोकळे होत. लिलाव आठवडाभर चालतो आणि तो आपल्याला मोडता येत नाही, हे पटवता पटवता माझ्या तोंडाला फेस यायचा.

पण माल असा निवडलेला आणि चिंचेने असा लखलखीत केलेला असायचा की घेणारे भरभरून चांगलं लिहायचे. मामाजींच्या नावापुढे एक तारा आला आणि शंभर टक्के लोक समाधानी असल्याचं दिसू लागलं. त्या शंभर टक्क्यांवर त्यांचा जीव होता. पुढे दुकानातच कॉम्प्युटर आला, तेव्हा बस चुकलेल्या माणसालाही हात धरून आत आणायचे. "पाहा, मले कोणी वाईट म्हटलं नाई. एकानंही नाई." आणि खरं सांगतो, ते पाहताना माझीही छाती फुगायची.

भांडी खोक्यात भरायचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं, ते त्यांच्या छिन्नीच्या भीतीनेच. एकदा मात्र मी लग्नाला कारंज्याला गेलो होतो आणि त्याच वेळी बंगलोरच्या वैदेही नावाच्या मुलीने एक देखणा जुना गुंड घेतला. मामाजींनी पार्सल स्वतः भरलं. नाव घातल्याशिवाय गुंड द्यायचा कसा? लग्न झालं की नाही ते कळेना, म्हणून पुष्कळ विचार करून त्यांनी 'आयुष्मती वैदेही हीस' असं कोरलं, आणि पुढे हाताने सवयीने आपलं काम पुरं केलं: 'जामच्या मामाकडून सप्रेम भेट'.

मुलगी संतापली. जुनी वस्तू खराब करून पाठवली, असं तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं आणि पैसे परत मागितले. मामाजींचे शंभर टक्के गेले, तारा गेला. मी ते वाचून दाखवलं. मला वाटलं, आता मुलीचा उद्धार होणार. ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं. भेट म्हून लिहिलं आन पैसे घेतले. असा कसा मामा मी?" पैसे त्यांनी त्याच दिवशी परत करायला लावले. साइटने आपली दलाली मात्र ठेवून घेतली. "आमचा बैलबाजारातला दलालही सौदा मोडला तर दलाली वापस करते," एवढंच ते बोलले.

गुंड परत आला. दुकानातला कॉम्प्युटर पाहायला आलेला नेटकॅफेवाला म्हणाला, "काकाजी, पॉलिश पेपरनं नाव घासून टाका, पुन्हा लिलावात ठेवा, कोणाले कळते?" तेव्हा मामाजींना आलेला राग मी आधी कधी पाहिला नव्हता. "भाचीचं नाव घासू? भाचीले दिलेलं मामा वापस घेते का कधी? पाह्यलं का तू असं?"

विकणाऱ्यालाही तिथे उत्तर द्यायला एक चौकट होती, वर्णनाच्या चौकटीहूनही लहान. एरवी जागा पुरत नाही म्हणून ओरडणाऱ्या मामाजींनी मला सांगितलं, "लिही. चूक माझी. गुंड तुझाच आहे. कधी इकडून गेली तर घेऊन जाजो." सगळं त्यात मावलं, वर थोडी जागा उरली. मग त्यांनी मला खातं बंद करायला सांगितलं. कोणी वाईट म्हटल्यावर दुकान चालवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मी खातं बंद केलं.

आता दुकान त्यांचा मुलगा पाहतो. मिक्सर, कुकर, प्लास्टिकच्या बादल्या, सगळं बिननावाचं. मामाजी दाराशी खुर्ची टाकून बसतात. समोरच्या फळीवर तो गुंड असतो, दर आठवड्याला चिंचेने घासलेला, अक्षरं दिसतील असा तोंड रस्त्याकडे करून. कोणी किंमत विचारली की "माह्या भाचीचा आहे, येणार आहे ती न्यायले," म्हणतात. माझ्या मामांसारखा माणूस त्या सगळ्या लिलावात कोणी नव्हता, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. बाहेरच्या नंबरची गाडी थांबते, एखादी मुलगी पाण्याची बाटली मागायला उतरते. मामाजी आधी तिचं नाव विचारतात. नाव दुसरंच निघतं. मग ते तिला बसवतात, माठातलं पाणी पाजतात, बाटलीही भरून देतात, आणि गाडी गेल्यावर उठून गुंडावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसतात.