दोन रात्रींचं घर

आमच्या गेस्टहाऊसमधल्या पहिल्या पाहुण्या, एक वयस्क बाई, आल्या आल्या पलंग ओढून खिडकीशी नेऊ लागल्या. मी धास्तावले.

"खोलीत काही चुकलंय का?"

"छे. दोनच रात्री राहायचंय म्हणून काय परक्यासारखं झोपायचं?"

पोर्तुगालमधल्या या गावात येऊन आम्हा नवराबायकोला वर्ष झालं. अजून भिंतीत खिळा ठोकताना मी बिचकते. सगळं कुणा दुसऱ्याचं वाटतं. गेस्टहाऊस चाललंच नाही तर, हा विचार सतत मनात असतो. त्या दिवशी मी खोल्यांतून नुसती येरझाऱ्या घालत राहिले.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "आपल्या बॅगा आता रिकाम्या करू या."

"आणि परत जावं लागलं तर?"

"तेव्हा पुन्हा भरू," म्हणत मी माझी बॅग पलंगावर उपडी केली.