आबांना सांभाळून घरी नेलं त्याची गोष्ट

वडिलांना बसस्टँडवर टाकून निघालेला मुलगा, अशी आमच्या गावात, साखऱ्यात, माझी ओळख आहे. माझी नियत वाईट नव्हती, अक्कल कमी पडली.

एकोणीसशे नव्वदच्या दशकातली गोष्ट. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कमरेतून पायात जीवघेणी कळ यायची. हिंगोलीच्या डॉक्टरांनी मणक्यापाशी इंजेक्शन दिलं, दोन तास झोपवून ठेवलं आणि मला बजावलं, "पाय संध्याकाळपर्यंत सुन्न राहील. उभे राहिले की पडतील. घरी पोचेपर्यंत यांना एक मिनिटही एकटं सोडायचं नाही." मी मान डोलावली. मी शाळेत क्लार्क. सूचना ऐकून मान डोलावणं हेच माझं काम.

रिक्षानं स्टँड गाठला, आबांना बाकावर टेकवलं. तेवढ्यात गावाकडची गाडी लागली आणि शंभर माणसं तिच्यावर तुटून पडली. आबांना उभ्यानं नेणं शक्यच नव्हतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची ही आपली रीत. पण तो रुमाल बाजूला सारून बसणारेही आपलेच! म्हणून रुमालामागोमाग मीही खिडकीतूनच आत शिरलो. जागा मिळाली. आबांना आनंदानं हात केला. त्यांनीही केला. आणि गाडी निघाली.

मी केकाटलो. दाराकडे जायचं तर माणसांच्या डोक्यांवरूनच जावं लागलं असतं. माझा पेशंट खाली राहिला, असं कंडक्टरला सांगितलं.

"मंग तुमी काहून वर आले?" तो म्हणाला.



पुढच्या थांब्यावर कसाबसा उतरलो, हळदीच्या टेम्पोत पोत्यांवर बसून परत आलो. बाक रिकामा! धड उभं राहता न येणारा माणूस गेला कुठं? पडला? चाकाखाली आला? मी बाकाखालीसुद्धा वाकून पाहिलं (आबा चांगले सहा फुटी). कंट्रोलरनं दोनदा नाव पुकारलं. मग मला रडू फुटलं, आणि चारचौघांत मी रडलो. शेवटी शेंगावाल्या बाईनं सांगितलं, दोन माणसांनी म्हाताऱ्याला उचलून जीपमध्ये घातलं. कोण माणसं, कुठली जीप, तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या गाडीला लोंबकळत, जीव मुठीत धरून घरी आलो. आबा ओट्यावर भिंतीला टेकून चहा पीत होते. गावच्या तांड्यावरचे दोघं बाजारातून परत निघाले होते, त्यांनीच आणून सोडलं होतं.

आबांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत आईला हाक मारली, "अगं, च्या ठेव. लेकरू एकलंच आलं."

लेकरू तेव्हा पस्तीस वर्षांचं होतं.