हिर्शचं नाव यादीत घालायचं की नाही

...तर झ्लाताबाईंनी त्या माणसाला दारातच उभं केलं, इथवर आपण काल आलो होतो. आत ये नाही, बस नाही. साखळी तशीच अडकवलेली, आणि फटीतून एक डोळा.

"कोण म्हणालास?"

"अर्व्हिंग शाइनबाउम, मावशी. सिनेगॉगच्या समितीचा."

"समितीचा. आणि हातात वही कशाला?"

आमच्या क्लीव्हलंडात कपडे उसवून बेतात बसवणाऱ्या बायका ढीगभर होत्या, पण झ्लाता गुरेविचइतकी संशयी एकच. गिऱ्हाईक शपथेवर म्हणालं की कंबर गेल्या वर्षीइतकीच आहे, तरी ही टेप लावणारच. आणि बहुतेक वेळा टेपच खरी निघायची, हेही सांगून टाकतो!

साल चौऱ्याहत्तर. वॉशिंग्टनात घाटत होतं की रशियाला व्यापारात सवलत पाहिजे असेल तर त्यांनी आधी तिथल्या ज्यूंना देश सोडू द्यावा. गावोगावची आमची माणसं सिनेटरांना पत्रं लिहीत होती, फोन करून करून त्यांच्या कारकुनांना भंडावून सोडत होती. पण सिनेटर म्हणत, हजारो माणसं अडकलीत असं मोघम नको, नावं आणा. झ्लाताबाईंचा धाकटा भाऊ हिर्श तिकडे रशियात, बोब्रुइस्कला अडकलेला. बाहेर जायचा अर्ज केला, त्याच आठवड्यात इंजिनियरची नोकरी गेली. आता शाळेच्या तळघरात बॉयलरला कोळसा घालत होता.

"नाव दिलंत तर सुटेल, मावशी."

"नाव दिलं तर उचलतीलही. अडतीस साली तिकडे माझ्या बापाचं नाव कुणीतरी असंच पोलिसांच्या यादीत घातलं. अक्षर फार सुबक होतं म्हणे. बाप काही परत आला नाही." मग एकदम, "तुझा आजा कुठला?"

"स्लुत्स्कचा."

"तुझ्या घरी माशात मिरी घालतात की साखर?"

"साखर."

"स्लुत्स्कचा आणि साखर? तिकडे सगळे मिरी घालतात. चल, निघ!"

"अहो, आई पोलंडची आहे माझी, त्यांच्यात साखरच!"

बाईंनी दार लावलं आणि थेट सिनेगॉगच्या धर्मगुरूंना, रब्बायांना फोन. "तुमच्याकडे शाइनबाउम म्हणून कुणी आहे? ... वकील? बरं, वकील कुणीही सांगेल. कान कसे आहेत?" पलीकडून उत्तर आलं असावं, कारण त्या पुन्हा फटीशी आल्या, बिचाऱ्याचे पसरलेले कान नीट न्याहाळले आणि साखळी काढली. चहा दिला. केक दिला. नाव मात्र दिलं नाही.

दीड महिना हेच. अर्व्हिंग यायचा, केक खायचा, कोरी वही घेऊन जायचा. शेजारची पर्ल म्हणायची, "झ्लाता, अगं, हा तुझ्या भावासाठी येतो की केकसाठी?" झ्लाताबाई म्हणायच्या, "तेच तर बघतेय."

मग हिर्शचं पत्र आलं. अक्षर त्याचंच. 'मी इथं सुखात आहे. तिकडे माझ्यासाठी कुणी गडबड करू नये. मुलाला मुलगी झाली. तुझ्यावरून तिचं नाव झ्लाता ठेवलं.'

अर्व्हिंगनं पत्र वाचून मान हलवली. "त्यालाच नको असेल तर आपण काय करणार? सोडून देऊ या."

"शेवटची ओळ पुन्हा वाच."

त्यानं वाचली, आणि कानापर्यंत पांढरा पडला. आमच्यात जित्या माणसाचं नाव लेकराला ठेवत नाहीत. गेलेल्याचंच ठेवतात. बहीण क्लीव्हलंडात धडधाकट सुई ओढत असताना नातीला तिचं नाव देणं म्हणजे तिचं मरण मागणं. हिर्श देवाला मानत नसे, पण एवढं तो मेला तरी करता ना.

"एक तर कुणीतरी बाजूला बसून सांगितलं आणि ह्यानं लिहून काढलं," बाई म्हणाल्या, "नाहीतर ह्यानंच मुद्दाम घातलं, मला कळावं म्हणून. काही असो, यातला शब्दही त्याच्या मनचा नाही. वॉशिंग्टनला कधी निघायचं?"

"मावशी, नाव वहीत लिहा, मी पोचवतो."

"तुझ्या वहीत? मी स्वतः येते."

बसमधून चाळीस जण गेले. सिनेटरच्या मदतनिसाचं ऑफिस लहान, माणूस त्याहून लहान, टाय मात्र लांब. बाकीच्यांनी भराभर नावं दिली. झ्लाताबाई पर्स छातीशी धरून शेवटी उभ्या राहिल्या.

मदतनीस दमला होता. पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "बाई, स्पष्टच विचारतो. गव्हाची जहाजं तिकडे जायची आहेत, अण्वस्त्रांची बोलणी चालली आहेत. परदेशाशी कसं वागायचं हे अख्ख्या अमेरिकेचं हित बघून ठरवायचं असतं. तुम्ही सगळे आपापले भाऊ, मेहुणे घेऊन आलात. तुम्ही अमेरिकेच्या बाजूनं बोलताय, की त्यांच्या?"

अर्व्हिंग मध्ये काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी त्याला कोपरानं मागं सारलं. खुर्ची ओढली, बसल्या. त्याच्या टेबलावरचा कोरा कागद त्याच्याच पुढ्यात सरकवला, आणि म्हणाल्या:

"साहेब, गव्हाची जहाजं येताना रिकामीच येणार ना? मग एका माणसाच्या जागेनं अमेरिकेचं काय बुडतंय ते मला समजावा. आणि मी कुणाची म्हणाल, तर जिथं असं तोंडावर विचारता येतं आणि रात्री घरी जाऊन झोपता येतं, त्या देशाची. भावाचं नाव देते. पण आधी या कागदावर तुमचं नाव, हुद्दा आणि घरचा पत्ता लिहा, नीट वाचता येईल असा. त्याला काही झालं तर कुणाचं दार ठोठावायचं, ते मला माहीत असायला हवं."