दाराचा रंगभूमीवर प्रवेश

मी चित्रकार आहे आणि आयुष्यभर एकच चित्र काढत आलो आहे. आमच्या अलीगंजच्या घराचं निळं दार. बंद दार, उघडं दार, अर्धवट उघडं दार (ते माझे बंडखोरीचे दिवस होते!). लखनौमधल्या मराठी मंडळींच्या लग्नात मी आहेर म्हणून दारच देत आलो, आणि बहुतेकांनी ते बाथरूमशेजारी टांगलं आहे. एका समीक्षकाने मला 'पुनरावृत्तीचा उपासक' म्हटलं होतं. माझी बायको सुनंदा याला आळस म्हणते.

पुढे पुढे माझी दारं कुणी फुकटही घेईना. तेव्हा मी जाहीर केलं, आता कॅनव्हास बंद, आता रंगभूमी! आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, गोमती नगरच्या हॉलमध्ये माझा एकपात्री प्रयोग. रंगमंचावर खरंखुरं दार, आत एक रिकामी खुर्ची. मी दार उघडणार, "या, बसा" म्हणणार, कुणीच येणार नाही, मी दार लावणार. पुन्हा उघडणार. तासभर हेच. माणसाचा एकाकीपणा!

"पापा, लोग सो जाएँगे," मुलगी म्हणाली. (तिला मराठी कळतं, पण उत्तरं हिंदीत येतात.)

"झोपू देत. दिल्लीहून गॅलरीच्या मॅडम येतायत. त्यांना आवडलं तर दिल्लीत प्रयोग!"

खरं सांगतो, ते दिल्लीचं बोलावणं मला फार हवं होतं. साठी आली होती. आपली कला एकदा तरी बाथरूमपासून लांब कुणीतरी बघावी, असं वाटत होतं.

पडदा उघडला. मी दार उघडलं. "या, बसा." शांतता. दार लावलं. पुन्हा उघडलं. "या, बसा." अंगावर काटा आला (माझ्याच!).

तिसऱ्या वेळी पहिल्या रांगेतले कुलकर्णीकाका चुळबुळले. बँकेतून निवृत्त, स्वभावाने भिडस्त.

"अगं, माणूस इतकं बोलावतोय, बसून राहणं बरं दिसत नाही," असं काकूंना म्हणत ते वर चढले, दाराबाहेर चपला काढल्या आणि थेट माझ्या एकाकीपणावर जाऊन बसले.

माझी पंचाईत झाली. प्रयोगात मला दुसरं वाक्यच नव्हतं! 'उठा' म्हणावं तर कलाकृती मोडते. म्हणून डोळे वटारून, दातओठ खात मी ओरडलो, "या! बसा!"

"बसलोय की," काका म्हणाले. "पाणी मिळेल का जरा?"

आमचे शेजारी मिश्राजी दुसऱ्या रांगेत होते. त्यांना मराठी येत नाही, पण राग कळतो. "नाराज़ मत होइए भाईसाहब, हम भी आ रहे हैं!" म्हणत ते धावले. मागून त्यांच्या मिसेस, आणि मग रांगांमागून रांगा, आपापल्या खुर्च्या घेऊन! मी जितका संतापून बोलावी, तितका लोकांना आग्रह मनापासूनचा वाटे. चपलांचा एवढा ढीग झाला की दार लागेना.

तेवढ्यात विंगेतून सुनंदा आली. "अहो, घरात माणसं आलीत आणि तुम्ही दार धरून काय उभे? कोरडं पाठवायचं का त्यांना?"

प्रसादानंतरसाठी ठेवलेले बटाटेपोहे आले, चहाचं पातेलं आलं.

"काका, घ्या ना अजून."

"नको, नको, पुरे."

"एवढ्याने काय होतंय?"

"बस भाभीजी, बस!"

"मिश्राजी, थोड़ा और लीजिए."

सुनंदा वाढत होती, लोक ताटलीवर हात आडवा धरत होते, ती हात बाजूला करून पुन्हा वाढत होती. मी "या, बसा" म्हणतच होतो, पण ऐकायला समोर कुणी उरलं नव्हतं.

उरल्या होत्या फक्त मॅडम. आणि चक्क डोळे पुसत होत्या! माझी कला पोचली होती. मी दार सोडून धावलो.

"अद्भुत!" मॅडम म्हणाल्या, आणि मला वळसा घालून त्यांनी सुनंदाचे हात धरले. "वही आग्रह, वही इनकार, बार-बार! पुनरावृत्ति का ऐसा काम मैंने नहीं देखा. आप दिल्ली आइए. " मग चहाच्या पातेल्याकडे बोट दाखवत, "ये भगोना भी लाइएगा."

मग माझ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "वो दरवाज़े वाले भाईसाहब भी ज़रूरी हैं क्या?"

सुनंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"ले आते हैं जी," ती म्हणाली. "दरवाज़ा उठाने को कोई तो चाहिए."

मी लगेच दाराला खांदा लावून बघितला. जड होतं, पण दिल्लीपर्यंत जमेल असं वाटलं!