मिस्त्री दिवसभर काय बोलत होते

घरात एखादं काम काढलं की काम संपतं, त्याचे किस्से संपत नाहीत. आमच्या सोलापूरच्या घरात फरशी बसवली त्याला किती वर्षं झाली! ते घरही आता विकलं, ती फरशी दुसऱ्याच कुणाच्या पायाखाली आहे. पण आम्ही दोघी बहिणी भेटलो की पहिल्या चहाला कुणीतरी म्हणतंच, "इरण्णा मिस्त्री आठवतात?" मग दुसरा चहा ठेवावा लागतो.

मोठ्या दुष्काळानंतर दोन पावसाळे बरे गेले होते. माझे वडील, अण्णा, गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. आई लग्न होऊन आली त्या दिवसापासून चार खोल्यांची जमीन शेणानं सारवत होती. तिनं आयुष्यात दागिना मागितला नाही. फक्त दर दिवाळीला सारवता सारवता म्हणायची, "एकदा फरशीवर अनवाणी चालायचंय मला. आपल्या फरशीवर. दुसऱ्याच्या घरी पुष्कळ चाललेय."

असं बावीस दिवाळ्या चाललं. तेविसाव्या वर्षी अण्णा मिस्त्री शोधायला लागले.

*

तीन मिस्त्री आले. पहिला दारातूनच म्हणाला, "आठ दिवसांत चकाचक!" दुसऱ्यानं खोल्या पावलांनी मोजल्या आणि दोन खोल्यांत आकडा विसरला.

तिसरे इरण्णा. मंद्रूपचे. काळेसावळे, कपाळावर भस्म, मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचे. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि आईकडे तांब्याभर पाणी मागितलं. आईला वाटलं, तहान लागली असेल. मिस्त्रींनी तांब्या खोलीच्या मधोमध उपडा केला आणि उकिडवे बसून बघत राहिले!

"अहो, हे काय?" अण्णा म्हणाले.

"पाणी कुटं जातंय बगतोय. माणूस खोटं बोलतंय साहेब, पाणी बोलत न्हाय."

अण्णा तिथंच खूश. "ठरलं! हेच मिस्त्री."

आई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "ठरलं ते ठीक आहे. पण मी आत्ताच सारवलंय की हो!"

*

अण्णा म्हणजे प्लॅनिंगचा माणूस. त्यांनी ग्राफपेपर आणला, आमच्या रंगपेटीतल्या पेन्सिली जप्त केल्या आणि रविवार घालवून चारही खोल्यांचा नकाशा काढला. प्रत्येक फरशीचा एक चौकोन. दाराशी करडी, मधे पांढरी, कडेनं लाल पट्टी.

मिस्त्रींनी तो कागद दोन्ही हातांत धरला. उलटा केला, सुलटा केला. फार वेळ बघितला. अण्णा कौतुकाची वाट बघत उभे.

"लई छान काढलंय," मिस्त्री म्हणाले. "कागदावर घर काटकोनात हाय. तुमचं घर न्हाय!"

*

तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. अण्णांनी दोन पानी अर्ज लिहिला. त्यात जमिनीची ओल होती, आईचे गुडघे होते, उंदरांची बिळं होती. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वरखाली बघितला आणि छापील फॉर्म पुढे सरकवला. "साहेब, 'कारण' ह्या रकान्यात जागा एवढीच आहे. एका शब्दात लिहा."

अण्णांनी पेन उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं आणि लिहिलं, 'पत्नी'.

कारकुनानं चष्मा वर करून वाचलं. मग शिक्का उचलत म्हणाला, "आमच्याकडेही हेच कारण आहे हो. मला कुणी परमिट देत नाही!"

*

फरशी पसंत करायला आई स्वतः दुकानात गेली. पहिल्यांदाच. अण्णांना त्यांच्या मॅनेजरच्या बंगल्यात होती तशी पांढरी हवी होती, काळे ठिपके असलेली. आईनं चपला काढल्या. दुकानदारानं जमिनीवर मांडलेल्या नमुन्यांवर एकेक करून उभी राहायला लागली. डोळे मिटून!

दुकानदार गोंधळला. "बाई, फरशी डोळ्यांनी बघायची असते."

"बघणार हे. चालणार मी," आई म्हणाली, आणि एका साध्या करड्या फरशीवरून उतरेचना.

*

मिस्त्री फरशी बसवताना तिच्याशी बोलायचे. लाकडी हातोडीनं हलके ठोके देत कानडीत समजूत काढायचे, "कूत्को, कूत्को." म्हणजे बस, खाली बस. अण्णांचं बालपण अक्कलकोटला गेलेलं, त्यांना कानडी कळायची. पहिल्या दिवशी ते मागे हात बांधून देखरेख करत उभे होते. मिस्त्री जरा जोरात म्हणाले, "कूत्को!"

अण्णा पटकन खाली बसले.

मिस्त्रींनी मागे वळून बघितलं. "तुमाला न्हाय ओ साहेब. हिला!"

*

काम संपलं. सिमेंट मुरेपर्यंत चार दिवस कुणी पाय ठेवायचा नाही, असा मिस्त्रींचा हुकूम. पाचव्या दिवशी सकाळी ते आले, फरशी पुसून घेतली आणि आईला म्हणाले, "चला वैनी. पयला पाय तुमचा."

आम्ही सगळे उंबऱ्याबाहेर उभे. आई आत गेली. दोन पावलं चालली, थांबली. मग खाली बसली आणि हळूच आडवी झाली. गाल फरशीला टेकवून. माझ्या आईला दिवसाउजेडी आडवं झालेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

धाकटी बहीण ओरडणार होती. मिस्त्रींनी ओठांवर बोट ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

अण्णा पायरीवर जाऊन बसले. "एवढंच हवं होतं हो तिला," ते म्हणाले. "मी बावीस वर्षं लावली."

*

पुढच्या रविवारी मिस्त्री पुन्हा आले. अंगात धुतलेला सदरा, बरोबर बायको. गंगव्वा त्यांचं नाव.

"हिला फरशी दाखवायची हुती," ते संकोचून म्हणाले. "सारखी म्हनते, तुमचं काम कवा बगितलंच न्हाय."

ते स्वतः आत आले नाहीत, पायरीवरच बसले. गंगव्वा आईबरोबर चारही खोल्यांतून फिरल्या. कोपरे बघितले, सांध्यांवरून बोट फिरवलं. आईनं चहा दिला. दोघी फरशीवरच बसल्या.

"सोमवारी जात्यात, शनवारी येत्यात," गंगव्वा म्हणाल्या. "अकलूजला, टेंभुर्णीला काम निगालं तर पंदरा-पंदरा दिवस न्हाय. आले की जेवत्यात, झोपत्यात. वीस वर्सं झाली." मग आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "वैनी, हितं ह्ये बोलत हुते का ओ?"

"बोलत होते का! दिवसभर," आई म्हणाली.

गंगव्वांनी कपबशी खाली ठेवली. पदर सावरला. आईच्या जवळ सरकल्या.

"काय बोलत हुते?"

आई सांगायला लागली. गंगव्वा तोंडाला पदर लावून हसायच्या, मधेच डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "आनी?" चहा निवून गेला. दारातलं ऊन भिंतीवर चढलं.

पायरीवरून मिस्त्रींची हाक आली, "चल गं. मंद्रूपची एसटी जाईल."

गंगव्वांनी मान वळवली नाही.

"जाऊ द्या की," त्या म्हणाल्या. "हं, वैनी. आनी?"